स्क्रिआबिनचे प्रेल्यूड शिकताना क्रम चुकवू नका: ऑपस ११ पासून ऑपस ७४ पर्यंत, टप्प्याटप्प्याने

स्क्रिआबिन (रशियन पियानोवादक-संगीतकार) वाजवायचाय असं म्हणणारे जे लोक मला भेटतात त्यांतले निम्मे थेट ऑपस ८ च्या (ऑपस म्हणजे रचनेचा क्रमांक) १२ नंबरच्या एट्यूडवर, म्हणजे सरावाच्या तुकड्यावर, उडी मारतात, कारण व्हिडिओत तो भारी दिसतो, आणि उरलेले निम्मे कुठेतरी 'मिस्टिक कॉर्ड' (त्याची गाजलेली सहा स्वरांची कॉर्ड) वाचून सरळ ऑपस ७४ उघडतात. पहिल्यांचा दोन महिन्यांत हात दुखायला लागतो, दुसऱ्यांचं दोन महिन्यांत डोकं. मग दोघंही म्हणतात की हा माणूस आपल्यासाठी नाही.

माणूस ठीक आहे हो, क्रम चुकतोय. स्क्रिआबिनचे प्रेल्यूड मोजले तर ९० भरतात, बरेचसे एक-दीड पानाचे, आणि साधारण १८८८ पासून १९१४ पर्यंत त्याची शैली जी बदलत गेली ती या छोट्या तुकड्यांत पायरी-पायरीने दिसते. एकदम उडी कुठेच नाही. आणि बदलतं काय, तर मुख्यतः एकच गोष्ट: आपल्या भाषेत सांगायचं तर षड्जावर परत येणं. सुरुवातीला तो वेळेवर घरी येतो, मग उशिरा यायला लागतो, मग फक्त शेवटच्या बारला दारात तोंड दाखवतो, आणि शेवटी घरच राहत नाही. हे कानाला आणि हाताला त्याच क्रमाने सवय झालं तर ऑपस ७४ अजिबात विचित्र वाटत नाही. म्हणून खालचे टप्पे ज्या ओळीत दिलेत त्याच ओळीत करा.

कोणासाठी: ज्यांना दोन्ही हातांचं नोटेशन बऱ्यापैकी वाचता येतं, ग्रेड ५-६ च्या आसपासचे तुकडे वाजवून झालेत, अशांसाठी. त्याखाली असाल तर टप्पा ० वाचा आणि ऐकण्याचा भाग करा, वाजवायची घाई नको.

टप्पा ०: बसण्याआधीची तयारी

वाद्य आधी. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे होत नाही. मी स्वतः करून बघितलंय, डावा हात खाली जातो आणि पट्ट्या संपतात. ८८ पट्ट्या हव्यात, वजनदार हव्यात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेडल. डिजिटल पियानोबरोबर जे छोटं चौकोनी पेडल येतं ते बहुतेक वेळा फक्त चालू किंवा बंद एवढंच ओळखतं. स्क्रिआबिनला अर्धं पेडल लागतं, म्हणजे पाय थोडासा वर घेऊन आवाज पूर्ण न तोडता पातळ करायचा. तुमचं मशीन अर्धं पेडल ओळखतं का हे मॅन्युअलमध्ये बघा आणि ओळखत असेल तर त्याला चालणारं नीट पेडल घ्या. नवीन पियानो घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे आणि फरक मात्र जमीन-अस्मानाचा पडतो.

नोटेशन: स्क्रिआबिन १९१५ मध्ये वारला, त्यामुळे जुन्या आवृत्त्या आयएमएसएलपी या नोटेशनच्या वेबसाइटवर मोफत मिळतात. ऑपस ११ च्या एकाहून जास्त आवृत्त्या तिथे आहेत, त्यांतली स्वच्छ स्कॅन झालेली घ्या आणि कागदावर प्रिंट काढा. टॅबवरून वाजवलं तरी चालेल पण पेन्सिलने खुणा करता आल्या पाहिजेत, कारण पुढे प्रत्येक टप्प्यात खुणांचं काम आहे.

रेकॉर्डिंग: प्रत्येक तुकड्याची निदान दोन वेगवेगळ्या वादकांची ऐका. सोफ्रोनित्स्की (हा स्क्रिआबिनचा जावई, पण म्हणून नाही, वाजवतो म्हणून) आणि होरोविट्झ ही जुनी मंडळी, आणि ऑपस ११ पूर्ण सलग ऐकायचं तर प्लेत्न्योव. शिवाय खुद्द स्क्रिआबिनने १९१० मध्ये मॉस्कोत वेल्टे-मिन्योनच्या पियानो रोलवर (वादन नोंदवून ठेवणारी कागदाची गुंडाळी) काही तुकडे वाजवलेत, त्यांत ऑपस ११ मधले १, २, १३ आणि १४ आहेत. ते ऐकाच, पण आत्ता नाही, टप्पा २ च्या शेवटी. का ते तिथे सांगतो.

⚠ इशारा: ऐकताना नोटेशन समोर ठेवा. नुसतं ऐकून कानात बसवलं की मग रुबाटोची, म्हणजे लय मुद्दाम पुढेमागे ताणण्याची, नक्कल होते आणि खरी लय कधीच कळत नाही. ही चूक सगळ्यात कॉमन आहे.

टप्पा १: डावा हात (किमान तीन आठवडे)

लोकांना वाटतं डावा हात म्हणजे साथ. शोपॅनच्या वॉल्ट्झमध्ये ते चालून जातं, इथे नाही. विद्यार्थी असताना स्क्रिआबिनने लिस्टची डॉन जुआन फँटसी आणि बालाकिरेवचा 'इस्लामे' असले राक्षसी तुकडे घोकून घोकून उजवा हात दुखावून घेतला होता, आणि पुढे १८९४ मध्ये फक्त डाव्या हातासाठी ऑपस ९ लिहिलं, एक प्रेल्यूड आणि एक नॉक्टर्न. त्याचा डावा हात किती चालायचा याची कल्पना त्यावरून येते. आपला चालत नाही, म्हणून आधी हे:

१. ऑपस ११ मधला ४ नंबर, ई मायनर, लेंतो, म्हणजे संथ. यात सूर डाव्या हातात आहे. पहिला आठवडा फक्त डावा हात, आणि तोही गात गात. तोंडाने सूर म्हणता येत नसेल तर बोटाने वाजवू नका, इतकं सोपं.

२. मग उजवा हात जोडा, पण उजव्याचा आवाज डाव्याच्या निम्मा. ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते आणि करायला आठवडा लागतो, कारण वर्षानुवर्षांच्या सवयीने उजवा हात आपोआप पुढे पुढे करतो.

३. त्यानंतर ऑपस ११ चा १५ नंबर, डी फ्लॅट मेजर. सुरुवातीला नुसता डावा हात एकटाच जोडस्वरांत चालतो, उजवा नंतर येतो. इथे दोन स्वर एकत्र दाबताना वरचा थोडा ठळक आला पाहिजे. बोटं बदलत लिगाटो, म्हणजे स्वर न तोडता जोडून वाजवणं, सांभाळा, पेडलवर सोपवून मोकळे होऊ नका.

ज्यांचा हात लहान आहे त्यांच्यासाठी: डाव्या हातात सप्तकाच्या पलीकडचे ताण येत राहणार. ओढून ताणून धरायचे नाहीत. खालचा बास आधी घ्या, पेडलमध्ये पकडा, आणि हात वर सरकवा. स्वतः स्क्रिआबिनचा हात काही मोठा नव्हता, तोही असाच वाजवायचा असणार.

⚠ इशारा: मनगटात किंवा करंगळीच्या बाजूला चमक आली की त्या दिवशी बंद. 'थोडं गरम झालं की जाईल' असं म्हणत बसू नका. इस्लामेची गोष्ट वर सांगितली ती उगाच नाही.

✔ तपासणी: ४ नंबर फोनवर रेकॉर्ड करा आणि पियानो न शिकलेल्या घरातल्या कोणालातरी ऐकवा. 'यात गाणं कुठे आहे?' असं विचारा. त्यांनी वरच्या स्वरांकडे बोट दाखवलं तर अजून एक आठवडा.

टप्पा २: ऑपस ११, पण सगळे २४ नाही

२४ प्रेल्यूड, १८८८ ते १८९६ मध्ये लिहिलेले, आणि मांडणी शोपॅनच्या ऑपस २८ सारखीच: सी मेजर, मग ए मायनर, मग जी मेजर, ई मायनर असं पंचमा-पंचमाने पुढे. त्यामुळे कोणी कोणी १ पासून २४ पर्यंत ओळीने शिकायला जातात. चूक! छापील क्रम स्वरांचा आहे, अवघडपणाचा नाही. ८, १४, १८, २० आणि २४ हे आत्ता बाजूला ठेवा, १४ नंबर तर १५/८ मध्ये प्रेस्तो, म्हणजे अतिशय जलद, आहे, त्याला हात लावलात तर बाकीचं सगळं राहून जाईल.

माझा क्रम असा आहे: १७, २२, ५, २, १०, १३, आणि मग १.

१७ नंबर, ए फ्लॅट मेजर, इतका छोटा आहे की सुरू झाला म्हणेपर्यंत संपतो. दोन दिवसांत नोट्स येतात, आणि तिथेच धोका. हा तुकडा वाक्य कसं संपवायचं ते शिकवतो. प्रत्येक ओळीचा शेवटचा स्वर सुरुवातीच्या स्वरापेक्षा हलका. करून बघा, पहिल्यांदा जमणार नाही.

१० नंबर, सी शार्प मायनर, यात उलटं आहे, शांत सुरुवात करून एकदम तिहेरी फोर्टेपर्यंत चढतो आणि मग विरतो. लोक काय करतात, पहिल्याच ओळीला अर्धा आवाज खर्च करून टाकतात, मग वर चढायला जागाच उरत नाही. सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे ते आधी पेन्सिलने गोल करा, तिथून मागे मागे येत आवाज वाटून घ्या.

आता १ नंबर, सी मेजर. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला. दिसायला सोपा, काळ्या पट्ट्या कमी, पण यात पाच-पाच स्वरांचे गट बारच्या रेषेवरून उडी मारून जातात, म्हणजे गट बारच्या आधी सुरू होतो आणि बारच्या पलीकडे संपतो. हमखास होणारी चूक म्हणजे बारच्या पहिल्या स्वरावर जोर देऊन गट तोडणं. तसं केलं की तो तुकडा शिवणयंत्रासारखा वाजतो. पद्धत अशी:

अ) मेट्रोनोम बंद. पाच अक्षरांचा कुठलाही शब्द घ्या, मी 'पंढरपुरी' घेतो, आणि गटाबरोबर तोंडाने म्हणा. जोर पहिल्या अक्षरावर, म्हणजे गटाच्या सुरुवातीला.

आ) मग बारची रेषा कुठे येते तिकडे बघायचं, पण हाताला सांगायचं नाही. रेषा डोळ्यासाठी आहे.

इ) दोन्ही हात अगदी संथ, एक गट आणि थांबा. पुढचा गट आणि थांबा. थांबणं गटांच्या मध्ये, बारच्या मध्ये नाही.

ई) मेट्रोनोम सगळ्यात शेवटी, आणि तोसुद्धा बारला दोनच ठोके.

एका हातात ५ आणि दुसऱ्यात ३ अशी भानगड या माणसाकडे पुढे वारंवार येते. गणित करून कुठला स्वर कुठल्या स्वराच्या किती आधी हे काढत बसू नका, त्याने लय लंगडते. दोन्ही हात वेगवेगळे, एकाच ठोक्यावर, इतके घोटा की तो ठोका चुकत नाही. मग एकत्र. ठोक्यावर भेटले की झालं, मधे कसे का जाईनात.

आता ते पियानो रोल ऐका. १ आणि २ नंबर नोटेशन समोर ठेवून ऐका आणि दचका. टेम्पो सतत हलतोय, पुढे धावतोय, मागे रेंगाळतोय, दोन हात नेहमी एकत्र पडत नाहीत. आधी ऐकायला का दिलं नाही ते आता लक्षात येईल: स्वतःची लय पक्की नसताना हे ऐकलं तर मनात येतं की कसंही वाजवलं तरी चालतं. चालत नाही. ताणायला आधी काहीतरी ताठ लागतं. आपल्याकडे ख्याल गाणारा लयीशी खेळतो तेव्हा तबल्याचा ठेका चालूच असतो ना, तसंच. ठेका तुमच्या डोक्यात हवा.

⚠ इशारा: रुबाटो म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी हळू होणं नव्हे. रेकॉर्ड करून बघा, दर चार बारला ब्रेक लागतोय का. लागत असेल तर आठवडाभर उलटं करा, ओळीच्या मध्यावर किंचित पुढे सरका आणि शेवट सरळ ठेवा.

✔ तपासणी (ही 'षड्ज तपासणी', पुढे प्रत्येक टप्प्यात लागणार): तुकड्याची की जी आहे तिचा मूळ स्वर तोंडाने धरून ठेवा, तानपुऱ्यासारखा, आणि तुकडा ऐका. जिथे जिथे बास त्या स्वरावर येऊन विसावतो तिथे पेन्सिलने छोटं घर काढा. ऑपस ११ मध्ये घरं मध्येमध्ये येत राहतील आणि शेवटी तर नक्कीच. कागद जपून ठेवा.

टप्पा ३: मधला पूल, जो सगळे गाळतात

ऑपस ११ झालं की लोक सरळ शेवटाकडे पळतात. मधे ऑपस १३ पासून ऑपस ४८ पर्यंत प्रेल्यूडांचा ढीग पडलाय आणि खरी गंमत तिथे आहे. एकट्या १९०३ सालात त्याने ऑपस ३१, ३३, ३५, ३७ आणि ३९ लिहिले, सगळे प्रेल्यूडांचे छोटे संच.

सगळे करायचे नाहीत. हे तीन थांबे पुरतात:

थांबा एक, ऑपस १६ चा ४ नंबर, ई फ्लॅट मायनर. एका पानाच्या आतला, संथ. की सिग्नेचरमध्ये सहा फ्लॅट आहेत म्हणून घाबरायचं नाही. उलट स्क्रिआबिन वाजवायचा तर काळ्या पट्ट्यांवर घर करावंच लागतं आणि ते बोटांना सोपंच जातं. शैली अजून जुनीच आहे, पण किती कमी स्वरांत काम भागवतो ते बघा.

थांबा दोन, ऑपस ३७ चा १ नंबर, बी फ्लॅट मायनर, वर लिहिलंय 'मेस्तो' म्हणजे खिन्न. इथे षड्ज तपासणी परत करा. घरं कमी झालेली दिसतील. कॉर्ड मूळ ठिकाणी जाणार असं वाटायला लावतो आणि शेजारच्या गल्लीत वळतो.

थांबा तीन, ऑपस ४८, १९०५ सालचे चार. यातला २ नंबर घ्या, सी मेजर, 'पोएतिको' असं लिहिलेला. आणि ४ नंबर वाजवता नाही आला तरी नोटेशन धरून ऐका, 'फेस्तिवामेंते', तोही सी मेजर, आणि त्यात सी मेजर येतो तो पार शेवटी, दणक्यात. मधे सगळा वेळ दारातल्या कॉर्डवर, म्हणजे आता घरी जाणार असं वाटायला लावणाऱ्या कॉर्डवर, दारातल्या कॉर्ड रचलेल्या.

हे घडतं कसं, ते पियानोवर बसून दहा मिनिटांत कळतं. वाचून सोडू नका, वाजवा:

१. सी, ई, एफ शार्प, बी फ्लॅट हे चार स्वर एकत्र दाबा, खाली बासमध्ये सी. आता एफ मेजर वाजवा. छान सुटतं, घरी आल्यासारखं.

२. परत तेच चार स्वर, एकही बदलायचा नाही, पण बासमध्ये आता एफ शार्प. आता बी मेजर वाजवा. हेही तितकंच छान सुटतं!

३. एफ आणि बी, एकमेकांपासून जास्तीत जास्त लांबची दोन घरं, आणि दार एकच.

४. आता ती चार स्वरांची कॉर्ड वाजवा आणि कुठेच जाऊ नका. बास फक्त सी आणि एफ शार्पमध्ये झुलवा. दोन मिनिटं असं करत रहा.

जे ऐकू येतंय तो जवळजवळ मधल्या काळातला स्क्रिआबिन आहे. दार इतकं छान आहे की आत जायची गरजच वाटत नाही. मला हे कळायला चार वर्षं लागली, कारण थिअरीच्या क्लासमध्ये 'फ्रेंच सिक्स्थ' असं नाव सांगून पुढे गेले, झुलवून कोणी दाखवलं नाही.

⚠ इशारा: या टप्प्यात पेडल सगळ्यात जास्त बिघडतं. नवीन कॉर्ड गोड वाटतात म्हणून लोक पाय उचलतच नाहीत आणि चिखल होतो. नियम असा ठेवा: बास बदलला की पेडल पूर्ण बदला, वरचा सूर बदलला की अर्धं. छापील नोटेशनमध्ये पेडलच्या खुणा फारशा सापडणार नाहीत, त्याची वाट बघू नका, कानाने ठरवा.

टप्पा ४: उंबरठा

इथे प्रेल्यूडांबरोबर दुसरे छोटे तुकडेही घ्यावे लागतात. ऑपस ४५ मधला 'फॉइये दाल्बूम', म्हणजे वहीचं पान, हा ई फ्लॅट मेजरमधला गोड आणि सोपा तुकडा आधी, श्वास घ्यायला. मग ऑपस ५१ चा २ नंबर, ए मायनरमधला प्रेल्यूड, 'लुगुब्रे', एकदम काळवंडलेला. आणि मग ऑपस ५७ चा पहिला, 'देझीर', म्हणजे इच्छा, १९०८ च्या सुमाराचा.

'देझीर' वर वेळ घालवा. जेमतेम एक पान. संपताना बास सी वर उतरतो, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या घरी आला, पण वर जास्तीचे स्वर लोंबतच राहतात, सुटत नाहीत. पाहुणा उंबरठ्यावर बसलाय, चप्पल पायात, आत या म्हटलं तर हसतोय. शेवटची कॉर्ड वाजवून पेडल धरून ठेवा आणि पूर्ण विरेपर्यंत उठू नका. बहुतेक जण दोन सेकंदांत पाय उचलतात आणि तुकडा अर्धवट राहिल्यासारखा वाटतो.

फिंगरिंग या टप्प्यापासून शंभर टक्के लिहून काढायचं. आधी बोटं अंदाजाने सापडायची कारण स्केलची सवय होती. आता नेहमीची स्केल नाही, त्यामुळे रोज वेगळ्या बोटाने वाजवलं तर स्मरणात काहीच बसत नाही.

✔ तपासणी: 'देझीर' ची घरं मोजा आणि टप्पा २ मधल्या कागदाशेजारी ठेवा. एवढं एक काम केलंत तरी शैली कशी बदलली ते दहा लेख वाचण्यापेक्षा जास्त कळेल.

टप्पा ५: मिस्टिक कॉर्ड, आणि त्याबद्दलचा मोठा गैरसमज

डाव्या हातात सी, एफ शार्प, बी फ्लॅट. उजव्या हातात त्याच्या वर ई, ए, डी. दोन्ही हात आपापल्या सप्तकाच्या आतच राहतात, त्यामुळे कोणालाही जमतं. ऑपस ६० 'प्रोमेथियस' या वाद्यवृंदासाठीच्या रचनेमुळे ही कॉर्ड गाजली.

हार्मोनियमवाल्यांसाठी: सी ला सा धरलं तर हे खालून वर सा, तीव्र म, कोमल नी, ग, ध, रे. ओळीत लावले तर सा रे ग तीव्र म ध कोमल नी, पंचम वर्ज्य. लगेच 'हा तर अमुक राग' असं म्हणायचा मोह होतो, मलाही झाला होता, दोन दिवस मी वाचस्पती रागातून पंचम काढून गुणगुणत होतो. पण रागात सा जागचा हलत नाही आणि इथे सगळी कॉर्डच उचलून दुसऱ्या पट्टीवर ठेवली जाते, परत तिसऱ्या. सा हलत राहिला की राग उरत नाही. तेव्हा कान तयार करायला हा मार्ग वापरा, नाव द्यायला नको.

दुसरा गैरसमज म्हणजे उशिराच्या प्रत्येक तुकड्यात हीच कॉर्ड शोधत बसणं. ऑपस ७४ मध्ये ती किल्ली सगळीकडे लागत नाही. तिथे ही आठ स्वरांची ओळ जास्त उपयोगी पडते: सी, सी शार्प, ई फ्लॅट, ई, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट. अर्धा सूर, पूर्ण सूर, अर्धा, पूर्ण असं आलटून पालटून. ही रोज पाच मिनिटं दोन्ही हातांनी वर-खाली वाजवा, तीन आठवडे. ऑपस ७४ चा ३ नंबर जवळजवळ पूर्ण याच ओळीवर उभा आहे.

टप्पा ६: ऑपस ६७ आणि ऑपस ७४

आधी ऑपस ६७ चा १ नंबर, गूढ, ५/८ मध्ये. पाच मात्रा म्हटल्यावर आपल्याला झपताल आठवतो, पण इथे ठळक टाळी-खाली काही नाही, सगळं तरंगतं. वर 'पंढरपुरी' केलंत ते इथे पुन्हा कामी येईल, फक्त जोर काढून टाका.

मग ऑपस ७४, १९१४ सालचे पाच प्रेल्यूड. क्रम: २, ४, १. तीन आणि पाच ऐका फक्त, ते हाताला भारी आहेत.

२ नंबरवर फ्रेंचमध्ये लिहिलंय, अगदी संथ, ध्यानस्थ. डाव्या हातात पंचमाच्या अंतराचा जोड झुलत राहतो आणि वर सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने खाली घसरतो. एका पानावर मावतो. पायऱ्या:

अ) फक्त डावा हात, पाच मिनिटं न थांबता, आवाज एकसारखा. कंटाळा येईल, येऊ दे. झुलणं थोडं जरी धक्क्याने झालं तरी पुढचं सगळं फसतं.

आ) उजवा हात वेगळा. एकत्र दाबलेल्या स्वरांत कोणता सूर वर दिसला पाहिजे ते खुणेने ठरवा.

इ) प्रत्येक बारमधले शार्प, फ्लॅट, नॅचरल पेन्सिलने तपासा. की सिग्नेचर नसते, त्यामुळे सगळ्या खुणा स्वरांच्या शेजारीच येतात आणि डबल शार्पसुद्धा येतात. इथे आपण सर्रास चुकीचा स्वर पाठ करतो, आणि संगीत आधीच अनोळखी असल्यामुळे कानाला चूक कळतच नाही! मी ऑपस ७४ मधला एक नॅचरल सहा महिने शार्प वाजवत होतो आणि मला तो जास्त आवडायला पण लागला होता. दर आठवड्याला रेकॉर्डिंगशी एकेक बार ताडून पहा.

ई) एकत्र, पण वेग वाढवायचा नाही. कधीच. या तुकड्यात पोहोचायचं कुठे नाहीये.

४ नंबर चार आवाजांत विणलेला आहे, संथ, धूसर. एकेक आवाज सुटा वाजवा, मग दोन-दोनच्या जोड्या, मग चारही. कोरस बसवतो तसं.

१ नंबर, वर लिहिलंय वेदनेने भरलेलं, काळीज फाडणारं. इथे लोक शब्द वाचून पियानोवर तुटून पडतात. आवाजाची पातळी शब्दावरून ठरवू नका, नोटेशनमधल्या खुणांवरून ठरवा. ओढ दोन स्वरांच्या मधल्या लिगाटोत आहे.

⚠ इशारा: ऑपस ७४ शिकताना त्याच बैठकीत दुसरं काही नवीन वाचायला घेऊ नका. ऐकून ठीक वाटतं पण कान गोंधळतो.

✔ शेवटची तपासणी: षड्ज धरायचा प्रयत्न करा. धरता येणार नाही, कुठलाही स्वर धरला तरी दोन बारमध्ये खटकेल किंवा अर्थहीन होईल. आता ऑपस ११ चा ४ नंबर वाजवा, मग 'देझीर', मग ऑपस ७४ चा २, मधे न थांबता. तिन्ही मिळून पाच-सात मिनिटं होतील.

वेळेचा हिशेब आणि उरलेले प्रश्न

रोज पाऊण तास धरला तर टप्पा १ ते ३ ला आठ-नऊ महिने, ४ ते ६ ला तितकेच. लहान मुलांच्या परीक्षा मधे आल्या तर जास्त. 'दोन महिन्यांत होईल का' असं दर वेळी कोणीतरी विचारतंच, नाही होणार.

ऑपस ११ मध्ये मेट्रोनोमचे आकडे छापलेत, ते पाळायचे का? शिकताना नाही. नंतर एकदा लावून बघा, रोलवर तो स्वतः किती इकडेतिकडे जातो ते आठवा, आणि ठरवा.

शेजाऱ्यांची तक्रार आली तर हेडफोन लावून शिका, पण पेडलचा सराव हेडफोनशिवायच करा, रविवारी अकरा वाजता वगैरे. हेडफोनमध्ये खोलीचा घुमणारा आवाज नसतो, त्यामुळे पाय जास्त वेळ खाली राहतो आणि नंतर खऱ्या पियानोवर बसलात की सगळं लडबडतं. ऑपस ७४ चा २ नंबर मात्र रात्रीच वाजवा, आवाज तसाही फार होत नाही.